कशेळीचा हत्ती आणि पांडवांची गोष्ट

आम्ही वाघोलीची माणसे. डोंगर म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे खडीच्या खाणी, क्रशर आणि धुरळा उभा राहतो. आमच्या वस्तीतल्या कित्येक घरांची चूल या दगडानेच पेटविली. 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेले, खाणींच्या कडेने इमारती आल्या. दगड असतो तो फोडण्यासाठीच, असे आमच्या मुलांना वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून यंदाची सहल आम्ही समुद्रावर न थांबता रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर नेली.

कोकणात डोंगरमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हा समोर नुसता काळपट कातळ. आमच्यातल्या बायका म्हणाल्या, "एवढ्या लांब हे बघायला आणले?" मग पोरे रेघांच्या कडेकडेने चालू लागली आणि एक ओरडला, "सोंड सापडली!" हत्ती हळूहळू उमगला. सुमारे 18 मीटर लांब. चाळीच्या पाच खोल्या ओळीने मांडाव्यात एवढा! त्याच्या पोटात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेले. आम्ही सारे उन्हाचे भान विसरलो.

गुरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना आम्ही विचारले, "बाबा, हे कुणी केले?"

"पांडवांनी. एका रात्रीत. आमचे वाडवडील तसेच सांगत."

आमच्याबरोबरच्या आजी फटकन बोलल्या, "अहो, नाशिकची आमची लेणीसुद्धा पांडवांचीच म्हणतात!"

आजींचे बरोबर आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरची बौद्ध लेणी आजही पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. तिथे तर दान देणाऱ्यांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. उषवदाताने भिक्षूंसाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. एकीवर व्याज दरमहा शेकडा एक, दुसरीवर पाऊण. (आम्ही कॉमर्सवाले, हे बरे लक्षात राहते.) एवढा लेखी पुरावा असूनही नाव पांडवांचे! मग कशेळीच्या कातळावर तर एक अक्षरही नाही.

आमच्यातल्या एका तरुणाने उत्साहाने विचारले, "म्हणजे हेही बौद्धकालीनच ना?" आम्ही स्पष्ट सांगितले, नाही. या चित्रांमध्ये गेंड्यासारखे, पाणघोड्यासारखे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. शेतीची खूण मात्र दिसत नाही. म्हणून ही शिकार करून जगणाऱ्या माणसांची कला असावी आणि काही चित्रे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बुद्धांच्या कितीतरी आधीची! पांडवांचे नाव पुसून तिथे आपले लिहिले, तर आपण वेगळे काय केले?

परदेशातही हेच. इंग्लंडात उफिंग्टन गावाजवळ पांढऱ्या खडूच्या टेकडीवर सुमारे 110 मीटर लांबीचा घोडा आहे. संत जॉर्जने शेजारच्या टेकडीवर अजस्र सर्प मारला, त्याचे रक्त सांडले तिथे गवत उगवत नाही, अशी कथा. 1990 च्या दशकात मातीच्या थरांची तपासणी झाली आणि घोडा सुमारे तीन हजार वर्षांचा ठरला. गवत काढून खडू घासला नाही तर तो बुजून जातो. तिथल्या गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते काम केले, म्हणून घोडा आज दिसतो.

आमच्याकडे हे काम अलीकडचे. सुधीर रिसबूड, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून शेकडो चित्रे उजेडात आणली. 2022 मध्ये कशेळी, उक्षी, बारसू अशी काही ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षीला तर हत्तीभोवती जांभ्याचा गोल कठडा बांधलेला आम्ही पाहिला. गावाने मनावर घेतले म्हणून ते झाले.

बारसूला माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना वाघासारखे दोन प्राणी कोरलेले आहेत. याच सड्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावातल्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या होत्या. रोजगार नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आमचीच पोटे खाणीवर भरली. पण चिऱ्यासाठी एकदा सडा कापला की त्यावरचे चित्र पुन्हा जोडता येत नाही, हे खाणीतल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा, गवतात काही दिसत नाही. उक्षीला कोकण रेल्वेचे स्टेशन आहे. कशेळीला रत्नागिरीहून पावसमार्गे जाता येते. रेघांवर पाय देऊ नये, खडूने त्या रंगवू नयेत. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे; तिरप्या उन्हात रेघा उठून दिसतात आणि दुपारी कातळ इतका तापतो की लहान मुलांना कडेवर घ्यावे लागते. आम्ही चौघांना घेतले होते.