देवदूताला दिलेली उत्तरं

बायबलमधल्या देवदूतांविषयी बोलताना आपण त्यांच्या तेजाचं, शुभ्र वस्त्रांचं, आकाशातल्या स्तुतिघोषाचं वर्णन करतो. मला मात्र त्यांच्यासमोर उभी राहिलेली माणसं अधिक खिळवून ठेवतात. ती काय बोलली, कुठे अडखळली, दूत निघून गेल्यावर त्यांनी काय केलं, हे शास्त्रानं फार जपून लिहून ठेवलं आहे.

परमेश्वराचा दूत बायबलमध्ये पहिल्यांदा भेटतो तो हागारला, साराईच्या मिसरी दासीला. पोटात मूल, मालकिणीचा जाच असह्य झालेला, म्हणून शूरच्या वाटेनं पळालेली ही बाई रानातल्या एका झऱ्यापाशी थांबली आहे. साराई आणि तिचा नवरा अब्राम तिच्याविषयी बोलतात तेव्हा फक्त ‘दासी’ म्हणतात. तिचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही निघत नाही. दूत तिला नावानं हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? हागार अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर देते. मालकिणीपासून पळते आहे, एवढंच. कुठे जायचं हे तिचं तिलाच ठाऊक नाही. दूत तिला परत जायला सांगतो, आणि हा भाग मला आजही जड जातो. जिथून जीव मुठीत धरून निघालो तिथेच परत जा, असं सांगणं हागारनं कसं ऐकून घेतलं असेल? तिला वचनही मिळतं, मुलाचं आणि मोठ्या वंशाचं. पण या भेटीतून तिनं मनाशी धरलं ते वेगळंच. तिनं देवालाच नाव दिलं: मला पाहणारा देव. घरात जिच्या नावाला किंमत नव्हती, तिनं दिलेलं हे नाव पुढे त्या विहिरीलाही चिकटलं.

गिदोनची गोष्ट शास्ते या पुस्तकात आहे. मिद्यानी लोक पीक लुटून नेतात, म्हणून हा तरुण द्राक्षकुंडात लपून गहू झोडतो आहे. दूत त्याला शूर वीर म्हणतो आणि परमेश्वर तुझ्याबरोबर आहे असं सांगतो. गिदोन थेट विचारतो: तो आमच्याबरोबर असेल तर आमच्यावर हे सगळं का ओढवलं? वाडवडिलांनी सांगितलेली ती अद्भुत कृत्यं आता कुठे गेली? या उलटतपासणीबद्दल त्याला कुणीही दटावत नाही. आहे त्या बळानिशी जा, एवढंच सांगितलं जातं. मला वाटतं, आपल्या लोकांच्या दुःखाबद्दल देवाला जाब विचारण्याची ती धमक हेच त्याचं बळ होतं.

लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की देवाला ‘का’ विचारू नये. विचारणं म्हणजे विश्वास उणा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात या शिकवणीच्या धाकानं माझ्या कितीतरी प्रार्थना ओठांवरच अडल्या. गिदोनची ही गोष्ट तेव्हा कुणीतरी शेजारी बसून सावकाश वाचून दाखवायला हवी होती.

त्याच पुस्तकात मानोहाची बायको आहे. शमशोनची ही आई, पण शास्त्रानं तिचं नाव दिलेलं नाही. दूत आधी तिच्याकडे येतो आणि मूल होणार असल्याचं सांगतो. मानोह प्रार्थना करतो की त्या देवमाणसाला पुन्हा पाठव. दूत पुन्हा येतो, तोही तिच्याचकडे, ती शेतात एकटी असताना. ती धावत जाऊन नवऱ्याला घेऊन येते. पुढे वेदीवरच्या ज्वाळेतून दूत वर जातो तेव्हा मानोह गर्भगळीत होतो. आपण देव पाहिला, आता आपण मरणार! बायको शांतपणे विचार करून त्याला समजावते: आपल्याला मारायचंच असतं तर त्यानं आपलं अर्पण स्वीकारलं नसतं, हे सगळं दाखवलं नसतं आणि या गोष्टी सांगितल्याही नसत्या. देवदूताच्या भेटीनंतर इतकं स्वच्छ बोललेलं दुसरं कुणी मला सापडत नाही. भीतीनं तिची बुद्धी झाकोळली नाही, आणि विश्वास ठेवण्यासाठी तिला बुद्धी बाजूला ठेवावी लागली नाही.

एलीया संदेष्ट्याला मात्र बोलायचंच नव्हतं. रानात एका झुडपाखाली मरण मागून तो झोपला होता. दूतानं त्याला स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो जेवला आणि पुन्हा आडवा झाला. दूतानं त्याला झोपू दिलं आणि नंतर पुन्हा जेवायला उठवलं. थकलेल्या माणसाशी असं वागावं.

लूकच्या शुभवर्तमानात गब्रीएल हा दूत मूल होणार असल्याचा निरोप घेऊन दोघांकडे येतो. मंदिरात धूप जाळणाऱ्या वृद्ध याजक जखऱ्याकडे आणि नासरेथच्या मरीयेकडे. प्रश्न दोघंही विचारतात. जखऱ्याला खूण हवी असते, मरीयेला हे कसं घडेल ते जाणून घ्यायचं असतं. त्याची वाचा जाते, तिला उत्तर मिळतं. सिमोने मार्तिनीनं 1333 साली रंगवलेल्या चित्रात, जे आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात आहे, मरीया अंग चोरून मागे सरते आहे. ते मला अगदी खरं वाटतं, कारण अभिवादन ऐकून ती अस्वस्थ झाली असं लूकच सांगतो. आधी अस्वस्थता, मग प्रश्न, आणि त्यानंतर होकार, असा तिचा क्रम आहे.

गोव्यात आणि वसईत चर्चची अँजेलस प्रार्थनेची घंटा याच भेटीची आठवण करून देते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्या प्रार्थनेत दूताचा निरोप आहे, मरीयेचा होकार आहे. तिचा प्रश्न नाही. प्रार्थना आटोपशीर असावी लागते हे मी समजू शकते, पण प्रश्नावाचून तो होकार मला अपुरा वाटतो. आपल्या शरीराचं, आपल्या आयुष्याचं काय होणार आहे हे विचारून मग हो म्हणणारी मुलगी मला जास्त जवळची आहे.

होकार मिळताच दूत निघून जातो. मरीया लगबगीनं यहूदाच्या डोंगराळ प्रदेशात जखऱ्याच्या बायकोकडे, अलीशिबेकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. ते घर जखऱ्याचं. गब्रीएलला प्रश्न विचारणारी दोन माणसं एका छपराखाली, त्यातल्या एकाची वाचा गेलेली. पुढे अलीशिबेला मुलगा होतो. नातेवाईक त्याला बापाचं नाव द्यायला निघतात, तेव्हा ती ठामपणे योहान म्हणते. कुळात या नावाचं कुणी नाही, अशी हरकत येते. जखऱ्या पाटी मागवून तेच नाव लिहितो आणि त्याला पुन्हा बोलता येतं. ही बातमी डोंगरभर पसरते. शेजारीपाजारी घाबरतात, आणि एकमेकांना विचारू लागतात की हे मूल पुढे कोण होणार?