मागची तार

आज मांडव्याला बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, बदलली. जुनीच्या १९ पदरांतला एकच तुटला होता, तारेवरून बोट फिरवताना टोचला. पण रात्रभर झोप नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात दर्यावर्दी अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी मोडली होती, तेच आठवत राहिलं. नवी तार खाली दोन फाट्यांत विभागून मागल्या दोन्ही कोपऱ्यांना बांधली, कप्प्या लावल्या. दोरी ओढली की डोलकाठी किंचित मागे वाकते, पुढचं शीड ताठ होतं.

ती दोरी ओढताना आठवलं, विहिरीत पोहायला शिकवताना बाबा माझ्या कमरेचा दोर काठावरून धरून असायचे. तो त्यांनी कधी सोडला, मला कळलंच नाही.

जुन्या तारेचं वेटोळं अजून होडीतच आहे.