दिवाळसणाचे सरबत

जावयाला दिवाळसणाला काय द्यावे, हा प्रश्न आमच्याकडे पूर्वी अंगठी आणि धोतरजोडी यांतच मिटत असे. अलीकडच्या एका दिवाळीत डोंगरकड्याला, माझ्या माहेरी, तो भलत्याच ठिकाणी येऊन अडला. जावईबापूंनी काय प्यावे?

खरे पाहता प्रश्न त्यांचा नव्हताच. तो होता माझ्या दादाचा. दादाने दारू सोडली त्याला त्या दिवाळीत तीन वर्षे होत होती. त्याआधीच्या पंधरा वर्षांविषयी मी इथे लिहिणार नाही. दोन एकर केळीची बाग गेली आणि वहिनीच्या हातातल्या पाटल्या गेल्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सोडल्यापासून दादा लग्नाच्या पंगतीतही दाराजवळची जागा धरतो. कोणी थंड म्हणून पेला पुढे केला, तर आधी तो हुंगतो आणि मग ओशाळे हसतो. ते हसणे मला बघवत नाही. सोयरिकीच्या वेळी यातले काही सांगायचे राहून गेले होते. म्हणजे आम्ही ते राहू दिले होते.

जावई मेक्सिकोत, ग्वादालाहारा शहरी नोकरीला. तो देश आमच्या घरी कोणी नकाशातही शोधला नव्हता. मला मात्र वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ठाऊक होते. स्वातंत्र्यासाठी देश सोडून गेलेला हा क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत स्थिरावला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्यावर संशोधन करू लागला. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्याला आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले, तर वहिनी म्हणाली, "ते असू द्या ताई, तिथले लोक पितात काय?"

तिच्या विचारण्याला कारण होते. पाडव्याच्या संध्याकाळी जावईबापू सगळ्यांना बिनदारूची मेक्सिकन पेये करून देणार, असा लेकीचा फोन आला होता. वहिनीच्या कानांनी त्यातला 'बिन' गाळून उरलेला शब्द तेवढा धरला होता.

जावई आले ते एक लहानशी पेटीच घेऊन. आधी निघाले उंच दांड्याचे पसरट पेले. मार्गारितेचे. यांच्या काठाला लिंबू फिरवून मीठ लावायचे, आत दारूऐवजी नुसते लिंबू-संत्र्याचे सरबत ओतायचे. मग त्यांनी अननस मागितला. त्याच्या सालीत पाणी आणि गूळ घालून दोन-तीन दिवस ठेवले की फसफसते; त्याला तिथे तेपाचे म्हणतात. "दारू त्यात जवळजवळ नसतेच," ते म्हणाले.

'जवळजवळ' हा शब्द माजघरात पडला आणि कोणी उचलीना. सकाळची नीरा उन्हात राहिली की तिची काय होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. आणि या बाबतीत शहाणी माणसेही शब्दांशी सैलच वागतात; अमेरिकेत अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यार्क असलेली बिअर 'बिनअल्कोहोलची' म्हणून विकता येते. दुसऱ्या कोणाला अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही. आमच्या घरात त्या अर्ध्या टक्क्याला तीन वर्षे जायची भीती होती. पण दिवाळसणाच्या जावयाला नको कसे म्हणायचे? वहिनी माझ्याकडे पाही, मी देवघराकडे.

दादाच बोलला. "मिठाचा गिलास नको, जावईबापू. आत काही नसलं तरी हाताला आठवण ऱ्हाती." थोडे थांबून म्हणाला, "अन् ते फसफसणारं बी नको. म्या लई वर्सं पीत होतो."

लेकीने मान खाली घातली. जावई क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी पेले एकेक करून पेटीत परत ठेवले, बाह्या सरसावल्या आणि विचारले, "मामा, घरात चिंच असेल ना?"

आणि मग स्वयंपाकघराला जे उधाण आले! तिथे बाजारात काचेच्या मोठमोठ्या बरण्यांतून विकतात ती 'आग्वा फ्रेस्का', म्हणजे गार पाणी. फळ, फूल नाहीतर दाणे पाण्यात काढायचे, गाळायचे, साखर घालायची. आंबवायचे काही नाही. चिंचेला ते तामारिंदो म्हणतात. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटले, त्यातून हे नाव आले, म्हणजे चिंचेने आपला हिंद तिथवर नेला. अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ पर्यंत स्पॅनिश जहाजे चालत. चिंच आणि आंबा त्या वाटेने तिकडे पोचल्याचे सांगतात. तिकडच्या खंडातून आपल्याकडे सीताफळ, पेरू, पपई आणि मिरची आली. व्यवहार तोट्याचा नाही.

दुसरे ओर्चाता. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि साखर घालून गार करायची. स्पेनमध्ये हेच पेय एका गवताच्या गाठींचे करतात, आणि ते गवत आमच्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद. हे ऐकून दादा प्रथमच मोकळा हसला. "ज्याच्यापायी आमची कंबर मोडली, त्याच्या भावाला ते पितात व्हय!"

खरी गंमत झाली ती तिसऱ्याची. जावयांनी वाळलेल्या तांबड्या फुलांची पुडी काढली. हामायका हे तिथले नाव. वहिनीने एक पाकळी जिभेवर ठेवली आणि ओरडली, "अगं माय, ही तर अंबाडीची बोंडं!" खरेच तीच. लाल अंबाडी. जिच्या पाल्याची भाजी आपण ज्वारीच्या कण्या घालून करतो, जिच्या वाखाचे कासरे आणि दावी वळतो, ती तिथे फुलासारखी पुडीत बसते! लिटरभर उकळत्या पाण्यात मूठभर बोंडे टाकून पंधरा-वीस मिनिटे झाकून ठेवायची, गाळायची, साखर विरघळवायची आणि गार करायची. पितळी पातेले वहिनीने न सांगता बाजूला सारले आणि स्टीलचे घेतले. आंबटाचे तिला कोणी शिकवायला नको.

पाडव्याच्या संध्याकाळी अंगणात सगळे जमले. रांगोळीला चुकवून मुले धावत होती. दादा दाराजवळ गेला नाही; ओगराळे हातात घेऊन पातेल्याशीच बसला आणि येईल त्याला पेला भरून देऊ लागला. आम्हां सगळ्यांच्या हातांत एकच तांबडे पाणी होते. शेवटी त्याने स्वतःचा पेला भरला आणि सरळ तोंडाला लावला. मी वहिनीकडे पाहिले. तिने पाहिले होते.

तेवढ्यात कुठल्याशा पोराने फटाका लावला, जावईबापू दचकले आणि अर्धा पेला दिवाळसणाच्या कोऱ्या धोतरावर सांडला. वहिनी साबण घेऊन धावली. साबण लागताच तांबडा डाग निळा झाला, तशी ती घाबरून ओरडली, "अहो, बघायलेत काय, हे काय होऊन बसलं!"

"तिथं असंच होतं, मामी," जावई गंभीरपणे म्हणाले. दादाला हसू आवरेना.