कान्हेरीच्या पोढीतले पाणी

मुंबईकराला रान पाहायचे झाले तर वळकटी बांधावी लागत नाही की रजेचा अर्ज करावा लागत नाही. सकाळी बोरिवलीला उतरावे, पूर्वेकडे थोडे चालावे, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक समोर उभे! सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल. एका अंगाला लोकलचा खडखडाट आणि दुसऱ्या अंगाला बिबळ्याचा वावर, असा शेजार फार थोड्या शहरांच्या नशिबी असेल.

पावसाळा नुकताच सरला होता. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि पाण्याची भली मोठी कळशी अशा सरंजामानिशी आमचे बिऱ्हाड निघाले. बरोबर आई, सौभाग्यवती, कन्या आणि चिरंजीव. कान्हेरीची लेणी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. वाटेत साग, ऐन आणि उतारांवर दाटलेली कारवी. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, हे ऐकून चिरंजीव म्हणाले, "मग तिला परीक्षाही आठ वर्षांनीच!"

कृष्णगिरीचे झाले कान्हेरी. काळ्या कातळात शंभरांहून अधिक लेणी, आणि त्यांचे खोदकाम जवळजवळ हजार वर्षे चाललेले. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहाच्या ओसरीत बुद्धाच्या दोन भव्य मूर्ती आहेत. उंची बावीस फुटांच्या आसपास. त्यांच्यापुढे आमची बडबडी मंडळीदेखील क्षणभर गप्प झाली.

नव्वदाव्या लेण्यातली मौज वेगळीच. तेथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ साली लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत!

"म्हणजे भिंतीवर नाव लिहायची खोड तेव्हापासूनची का हो, बाबा?" कन्येने विचारले.

"त्यांनी लिहिले तो इतिहास झाला. तू लिहिलेस तर दंड होईल," मी म्हटले.

पण सौभाग्यवतींचे लक्ष मूर्तींकडे नव्हते, लेखांकडेही नव्हते. त्या पाहत होत्या पाण्याची टाकी. बहुतेक लेण्यांपाशी कातळात एकेक टाके खोदलेले, आणि पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून दगडातच पन्हळी काढलेल्या. जुन्या लेखांत या टाक्याला 'पोढी' म्हणतात. कल्याण-सोपाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांनी लेण्यांबरोबर पोढ्याही दान केल्या. रोज पहाटे पाचला नळापाशी बादल्या लावणारी बाई हे पाहून म्हणाली, "अहो, या लोकांनी आधी पाण्याची सोय केली, मग देवाची."

खरेच आहे. याच रानाने पुढे मुंबईलाही पाणी पाजले. विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि तुळशी १८७९ साली. आज शहराची तहान मुख्यतः भातसा-वैतरणेच्या पाण्यावर भागते. तरीही हे दोन तलाव आपला वाटा देतातच. आणि ते भरतात ते सभोवारच्या झाडीमुळे. झाडांच्या मुळांनी माती धरली नाही, तर तलावात पाण्याऐवजी गाळच साठायचा.

उतरताना पायऱ्यांवर एक वारली बाई काकड्या विकत बसली होती. आईने विचारले, "कुठे राहता, बाई?"

"हितंच, पाड्यावर. आजा-पणजापासून."

"पाणी कुठले?"

"हिरीचं. डोईवर आनायचं. उन्हाळ्यात हीर आटते, मंग लांब जायचं."

आईने एकवार तुळशी तलावाच्या दिशेने पाहिले, एकवार आमच्या कळशीकडे. या रानाचे पाणी आमच्या शहराच्या नळापर्यंत पोहोचते. पण रानात राहणाऱ्या या बाईच्या दारापर्यंत मात्र पोहोचलेले नव्हते. हे कोणी बोलून दाखवले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन कान्हेरीला जरूर जा. फक्त सोमवार टाळा; त्या दिवशी उद्यान बंद असते. मूर्ती पाहा, पहलवी लेख पाहा, आणि एखाद्या पोढीपाशी घटकाभर बसा. काकडी घेतलीत तर भाव करू नका. आमच्या आईने केला नाही. आणि मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी बाई आहे ती!