पत्रा हलतो!

पत्रा हलतो! वाकतो असं नाही म्हणत मी. वाकणारा पत्रा आपण सगळ्यांनीच पाहिलाय. पत्रा हलतो म्हणजे एका जागचा धातू दुसरीकडे सरकतो, मधे पसरतो, कडेला आवळला जातो, आणि हे सगळं हातातल्या साध्या हातोडीनं होतं. बँकेत वीस वर्षं काढल्यावर, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मला हे कळलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

सुरुवात बंबापासून झाली. आजीच्या तांब्याच्या बंबाला मोठा पोचा आला होता, म्हणून तो कसब्यातल्या तांबट आळीत घेऊन गेले. तिथल्या काकांनी बंबाच्या पोटात एक लोखंडी दांडा सरकवला, पोचा त्यावर टेकवला आणि बाहेरून ठोके घालायला लागले. ठोके जोराचे नव्हते, पण एकसारखे होते. बघता बघता पोचा गेला. मग त्यांनी मठारायला घेतलं. हंड्या-घागरींवर एकाला एक लागून बसलेले ते चकचकीत ठसे असतात ना, ते मठारकाम. मी जन्मभर त्याला नक्षी समजत होते.

"शोभा नंतरची, ताई," काका म्हणाले. "ठोकल्यानं पत्रा ताठ होतो. नाहीतर भरलेला हंडा उचलला की पोट पडेल त्याचं."

आणि पत्रा फारच ताठ झाला, आता तडकेल असं वाटलं, की भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. तांबं पुन्हा मऊ! परत ठोका, परत ताठ, परत तापवा. पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात आलेल्या या तांबटांच्या घराण्यांमध्ये हे ज्ञान पिढ्यानपिढ्या हातातून हातात गेलंय, आणि मी त्याच शहरात वाढून ते कधी थांबून पाहिलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच विचारलं, "काका, बुलेटची टाकी अशी होईल?"

"लोखंडी ना? आम्ही तांब्या-पितळेची माणसं. पण होईल. वेळ लागेल. कोण करणार?"

"मी," म्हणाले मी.

टाकीचं कारण असं, की बाबांची १९८४ सालची बुलेट आठ वर्षं जिन्याखाली उभी होती. ३४६ सीसीचं बिडाचं इंजिन, सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वदचा स्ट्रोक, गिअर उजव्या पायाला. इंजिन उघडून पाहिलं तर ठणठणीत निघालं, पण टाकीचा तळ गंजून चाळण झाला होता. तिला डाग देणं धोक्याचं होतं, कारण रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि वेल्डिंगच्या ज्वाळेनं तिचा स्फोट होऊ शकतो. नाना पेठेत गेलं असतं तर नवी टाकी तासाभरात मिळाली असती. पण त्या दिवसापासून मला ती विकत घ्यायचीच नव्हती. मला निमुळती, गुडघ्यांत नीट बसणारी, दहा लिटरची टाकी हवी होती, तिच्यामागे एकट्याची सीट, आणि हातानं घडवलेले दोन्ही मडगार्ड. चेसिसला मात्र धक्का लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत फेरफार करायला मर्यादा घालतं, आणि मला जे करायचं होतं ते सगळं चेसिसच्या वर बोल्टानं बसणारं होतं.

याच सुमारास मला बर्ट मन्रो भेटला, म्हणजे आधी चित्रपटात आणि मग जे मिळेल त्या वाचनात. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिल गावातला हा माणूस. त्यानं १९२० साली इंडियन स्काउट मोटरसायकल घेतली. ती जेमतेम ताशी ५५ मैल पळायची. मग पुढची कित्येक दशकं तो घराच्या शेडमध्ये तिचे भाग स्वतः घडवत राहिला. पिस्टन डब्यांमध्ये ओतले, कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या आसातून घासून काढले. १९६७ साली, अडुसष्ट वर्षांचा असताना, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याच गाडीवरून त्यानं ताशी १८३ मैलांच्या वर वेग गाठला. ताशी जवळजवळ २९५ किलोमीटर! मला वेगाशी कर्तव्य नाही. पण पिस्टन घरी ओतता येतो, हे वाचल्यावर टाकी म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटून त्या रात्री मला झोपच लागली नाही.

घरामागे धुण्याची पत्र्याची शेड होती, ती रिकामी केली. वखारीतून आंब्याचा ओंडका आणून त्यात वाटीएवढा खळगा कोरला. जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात वाळू भरली. रविवारच्या जुन्या बाजारात दोन हातोड्या मिळाल्या, त्यांची तोंडं पॉलिश पेपरनं आरशासारखी केली. हातोडीच्या तोंडावर ओरखडा असेल तर प्रत्येक ठोक्यागणिक तो पत्र्यावर उमटतो. लाकडी मोगरी घरात होतीच. पत्रा घेतला वीस गेजचा, मिलिमीटरहून थोडा पातळ. एवढ्यावर टाकी होते, यावर आधी माझाही विश्वास बसला नव्हता.

जाड तारेचा सांगाडा करून तो चेसिसवर बसवला. जन्माला यायच्या टाकीची ती हाडं. त्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद ठेवला, तर तो बसेना. गोलाईवर कागद बसत नाही, चुण्या पडतात. आणि इथे मला ती गोष्ट कळली, जिच्यामुळे मी हा लेख लिहितेय. कागदाला कडेनं चिरा द्यायच्या. जिथे चीर उघडते तिथे पत्रा पसरायचा आहे. जिथे चिरेच्या कडा एकमेकींवर चढतात तिथे तो आवळायचा आहे. कागद सांगतो! नुसता कागद! कुठे किती धातू कमी आहे आणि कुठे जास्त, ते सगळं तिथे उमटलेलं असतं.

पसरणं सोपं होतं. पत्रा खळग्यावर धरायचा आणि मोगरीनं ठोकायचं, म्हणजे मधला भाग पातळ होत होत खोल होतो. आवळणं मात्र जमेना. ठोकून एखादी वस्तू आखूड कशी करायची? पंधरा दिवस मी कडेच्या चुण्यांशी झगडत होते. शेवटी आई शेडच्या दारात येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, कळ्या पाडतेस आणि परत सपाट कशाला करतेस? मिटव ना त्या."

मोदक! उकडीच्या मोदकाची पारी करताना आपण मधे अंगठ्यानं दाबून ती पसरतो आणि कडेला कळ्या पाडून तिचा घेर आवळतो. सपाट चकतीची वाटी होते ती या दोन हालचालींनी. मी लहानपणापासून दर गणपतीत ते केलंय. पत्र्याचंही अक्षरशः तेच आहे. कडेला पकडीनं कळी पाडायची, तिचं टोक आधी ठोकून बंद करायचं म्हणजे तिला उलगडायला वाट राहत नाही, आणि मग टोकाकडून आत येत ती हळूहळू बसवायची. कळीतला धातू जाणार कुठे? तो स्वतःतच शिरतो. कड जाड होते आणि आखूड होते. पहिली कळी पूर्ण मिटवून पत्रा सांगाड्यावर टेकला तेव्हा मी शेडमध्ये एकटीच ओरडले.

डाव्या बाजूचा पहिला तुकडा फाटला. मधे फार वेळ एकाच जागी ठोकत राहिले, पत्रा कागदासारखा झाला आणि भेगाळला. तो तुकडा अजून भिंतीवर टांगलाय, उन्हात धरला की कुठे किती पातळ झालाय ते चमकेवरून दिसतं. दुसऱ्या तुकड्याला तीन आठवडे लागले.

मग मठारणं. पॉलिश केलेला लोखंडी ठोकळा, डेंटिंगवाले त्याला डॉली म्हणतात, तो आतून धरायचा आणि बाहेरून हलके ठोके. एकटीला ते जमेना, म्हणून बाबा स्टूल घेऊन बसले आणि डॉली त्यांनी धरली. ठोका बरोबर डॉलीवर पडला की टण वाजतं. चुकला की थप. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण कान असे की डोळे मिटून सांगायचे, "दोन बोटं पुढे गेलीस." उंचवटे बारीक कानशीनं सापडतात. कानस फिरवली की उंच जागा चकाकते आणि खड्डा काळाच राहतो. आणि जे कानशीलाही सापडत नाही ते तळहाताला सापडतं. मधे सुती फडकं ठेवून हात फिरवायचा. केसाएवढा खड्डा कळतो, खरंच कळतो! माझ्या हाताला हे येत होतं आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मी अजून शिकतेय. सेकंडहँड टिग मशीन घेतलं, आधी टाके मारले, मग इंच-इंच जोड. जोड थंड होताना आवळतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो, त्यामुळे तो गरम असतानाच डॉलीवर ठोकून पुन्हा पसरावा लागतो. पेट्रोल कॉकसाठी आट्यांचं बूच एका ओळखीच्या लेथवाल्याकडे उभं राहून करून घेतलं. टाकीच्या पोटातला, चेसिसच्या पाइपवर बसणारा बोगदा मात्र सगळा माझा.

गळती तपासायला सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं अगदी थोडी हवा भरली आणि साबणाचं पाणी ब्रशनं जोडावर फिरवलं. चार ठिकाणी फुगे आले. चारही बुजवले. पुन्हा साबण. पुन्हा एक फुगा, बोगद्याच्या कोपऱ्यात. तोही बुजवला. मग मापानं पाणी ओतलं. नऊ लिटर आठशे.

काल रात्री टाकी वाळवून गाडीवर बसवली, दोन लिटर पेट्रोल घातलं आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. पहाटे पाचला टॉर्च घेऊन खाली गेले. बाबा आधीच तिथे खुर्ची टाकून बसले होते, मफलर गुंडाळून, वर्तमानपत्राकडे बघत.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

मी पेट्रोल कॉक उघडला. डीकॉम्प्रेसर दाबून किक हळूहळू खाली नेली, अॅमीटरचा काटा मध्यावर आला तशी थांबले, डीकॉम्प्रेसर सोडला, किक वर घेतली. टाकीला अजून रंग नाही. तिच्या अंगावरचा माझा एकेक ठोका टॉर्चच्या उजेडात दिसत होता.

"आता मार," बाबा म्हणाले.