बाहुलीचे आखूड केस

बाहुली ही वस्तू लहानशी, परंतु तिला नावे पुष्कळ. संस्कृतात तिला पुत्तलिका म्हणतात, पाञ्चालिका म्हणतात, आणि दुहितृका, म्हणजे 'लहानशी लेक', असेही म्हणतात. महाभारताच्या विराटपर्वात उत्तर राजपुत्र कौरवांशी लढावयास निघतो, तेव्हा त्याची बहीण उत्तरा बृहन्नडेला सांगते, की जिंकलेल्या वीरांची तलम रंगीत वस्त्रे आमच्या बाहुल्यांसाठी घेऊन ये. बाहुलीच्या कपड्यांची अशी काळजी फार प्राचीन काळापासून चालत आली आहे. तिच्या केसांकडे मात्र तितके लक्ष कोणी दिलेले दिसत नाही. आपल्याकडील लाकडी ठकीच्या डोक्याला काळा रंग दिला, की तिचे केस झाले. चिंध्यांच्या बाहुलीला काळ्या लोकरीची वेणी पुरते. दुकानातील प्लॅस्टिकच्या बाहुलीला कमरेखाली रुळणारे नायलॉनचे केस असतात. तिन्ही ठिकाणी डोके झाकले, की काम संपले.

परंतु बाहुलीला अगदी आखूड, नुकतेच उगवू लागलेले केस हवे असतील तर? हा प्रश्न यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या कर्जतच्या घरी उभा राहिला, आणि तो वाटला होता तितका पोरखेळाचा नव्हता.

आमची नऊ वर्षांची नात गेले वर्षभर कर्करोगाच्या उपचारांसाठी कर्जत लोकलने मुंबईस जात-येत होती. या रोगावरील औषधे शरीरातील झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. केसांच्या मुळांतील पेशीही तशाच झपाट्याने वाढणाऱ्या, म्हणून रोगाबरोबर केसही जातात. औषधांचा तो टप्पा संपला, की ते पुन्हा येऊ लागतात. चैत्रात तिच्या डोक्यावर सुमारे एक सेंटिमीटरचे मऊ केस आले होते. कोणी भेटावयास आले, की तिची आजी हलकेच तिच्या डोक्यास रुमाल बांधी. त्यात मायाच होती. पण मुलगी पुढे पुढे घरातही रुमाल सोडीनाशी झाली. जूनमध्ये शाळा उघडणार, या कल्पनेने ती गप्प होई. एके दिवशी तिने आपली लांब केसांची बाहुली आईपुढे ठेवली आणि म्हणाली, "हिला माझ्यासारखी कर."

अमेरिकेतील बाहुल्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने २०१२ साली, रुग्णालयांतील मुलांसाठी केस नसलेली बाहुली काढण्याचे जाहीर केले होते. ती कल्पना स्तुत्यच. पण आमच्या नातीचे डोके आता तसेही राहिले नव्हते. तिला हवी होती ती मधली अवस्था, आणि ती तयार कोठे मिळत नाही.

सूनबाईने प्रथम बाहुलीचे केस कातरून पाहिले. तेव्हा कारखान्याची युक्ती उघडी पडली. तेथे केस एकेक लावीत नाहीत. वीस-पंचवीसांचा झुबका एकेका भोकात शिवतात. लांब असताना ते सारे झाकून जाते. आखूड केल्यावर मात्र शेतात लावलेल्या रोपांच्या चुडांसारखे ठिपके दिसू लागतात, आणि ताठ नायलॉन खराट्यासारखे उभे राहते. लांब केस पुष्कळ गोष्टी झाकतात. आखूड केस सर्व दाखवितात.

मग आजीने जपून ठेवलेली नातीच्या गळलेल्या केसांची पुरचुंडी पुढे आली. तेच केस कापून लावले तर? येथे माझ्या जुन्या त्रैराशिकाचा उपयोग झाला. बाहुली माणसाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याची. नातीचा केस एक सेंटिमीटर, तर बाहुलीचा जेमतेम पावणेदोन मिलिमीटर हवा. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरली, तर बाहुलीच्या केसाची ०.०१२ च्या आसपास हवी. म्हणजे माणसाचा खरा केस बाहुलीच्या डोक्यावर सहापट जाड, काथ्यासारखा दिसणार! खऱ्या वस्तूनेच खरेपणाचा भास होतो असे नाही, हे मला त्या दिवशी गणिताने पटविले. पुरचुंडी पुन्हा देवघरातील डब्यात गेली.

इतका बारीक तंतू मिळतो तो मखमलीच्या भुग्यात. दागिन्यांच्या डबीत आतून जी मऊ मखमल असते, ती पुष्कळदा विणलेली नसते. डिंकावर नायलॉनचे अथवा रेयॉनचे सूक्ष्म तुकडे चिकटवून ती तयार करतात. त्यास फ्लॉक म्हणतात. त्यातील बारीक नायलॉनचा तंतू ०.०१४ मिलिमीटरच्या जवळपास असतो. १९६१ साली निघालेल्या केन या बाहुल्याला पहिल्या वर्षी असेच केस होते. पाण्यात भिजल्यावर ते झडू लागले, म्हणून पुढच्याच वर्षी त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे ओतीव केस आले. पुढे १९७० मध्ये इंग्लंडातील ॲक्शन मॅन या सैनिक-बाहुल्याला पुन्हा फ्लॉकचे केस मिळाले आणि ते मुलांना आवडले. तात्पर्य, युक्ती चांगली. सारी मदार डिंकावर.

हा भुगा नुसता भुरभुरविला तर तंतू आडवे पडतात. ते उभे कसे राहावयाचे? येथे खोपोलीचा पुतण्या कामास आला. त्याला छोट्या आगगाड्यांचा छंद आहे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची प्रतिकृती त्याने घरी केली असून, तिच्या रुळांकाठचे गवत तो विजेने उभे करतो. डास मारावयाच्या विजेच्या बॅटीपासून त्याने एक साधन केले आहे. तिच्या एका तारेस चहाची गाळणी जोडलेली, दुसरीस टाचणी. टाचणी ओल्या डिंकात टेकवून गाळणीतून भुगा हलविला, की विद्युत्‌भारित तंतू डिंकाकडे ओढले जाऊन टोकावर उभे राहतात. हे काम अर्थात मोठ्या माणसांनीच करावयाचे.

आधी जुने झुबके उपटून भोके बुजविली, डोके घासून गुळगुळीत केले. त्यावर त्वचेचा रंग आणि केसांखाली असते तशी किंचित सावळी छटा पातळ थरांनी चढविली. निव्वळ काळा भुगा टोपीसारखा दिसतो, म्हणून त्यात दोन तपकिरी छटा मिसळल्या. कपाळाशी डिंकाची रेघ ओढली तर केसांना कुंपण घातल्यासारखे होते. तेथे विरळ ठिपकेच द्यावे लागतात. मानेकडून आरंभ करून थोड्या थोड्या जागेवर काम केले. आणि सर्वांत महत्त्वाचा तो भोवरा. केस कोठेही सरळ उगवत नाहीत. टाळूमागील भोवऱ्यापासून ते फिरत फिरत चहूकडे वळतात. डिंक सुकण्यापूर्वी मऊ कुंचल्याने तसे वळण दिले नाही, तर उत्तम केसही गवतच दिसतात. त्यातच ज्येष्ठ लागला, हवा दमट झाली, आणि भुग्याच्या गुठळ्या होऊ लागल्या. कर्जतच्या पावसाळ्यापुढे विजेचेही चालत नाही. भुगा दिव्याखाली वाळवून, दोन थरांत, एकेक दिवस थांबत काम पुरे केले.

भोवरा नेमका कसा फिरतो, हे पाहण्यासाठी सूनबाईने मुलीस रुमाल सोडावयास सांगितले. आम्ही सर्वांनी तिचे डोके दिव्याच्या उजेडात नीट पाहिले. तेव्हा माझ्या मनात आले, की या घरात स्त्रीचे आखूड केस असे डोळे भरून कोणी कधी पाहिलेच नव्हते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे वडिलांची एक वृद्ध आत्या असे. ती बालविधवा. तांबडे आलवण, सोवळे-ओवळे, सारे पूर्वीप्रमाणे. केशवपनाविरुद्ध आगरकरांनी लिहून, आणि १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी त्या कामास नकार देऊन कितीतरी वर्षे लोटली होती; तरी तिच्यासाठी न्हावी मागील दारी येई. क्वचित पदर ढळला, की पांढऱ्या केसांचे खुंट दिसत, आणि आम्हां मुलांना दुसरीकडे पाहावयास सांगत. याच घरात जावळ काढलेल्या बाळाचे डोके सर्वजण कुरवाळीत, मुंजीतल्या बटूच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवीत. डोके तेच, केसांची लांबीही तीच. मुलाच्या डोक्यावर ते मंगल आणि स्त्रीच्या डोक्यावर अशुभ. आलवण गेले, न्हावी गेला, पण नजर वळविण्याची सवय मागे राहिली, आणि रुमाल होऊन ती नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर बसली, असे मला वाटते. आजीने रुमाल बांधताना तसा विचार केला नव्हता. सवयी विचार करून येत नाहीत.

तयार झालेली बाहुली दिवाणखान्यात उघड्या डोक्याने बसली. आलेगेले तिला हातात घेऊन केसांवरून बोट फिरवीत, आणि हे कसे केले, म्हणून विचारीत. उत्तर देण्याचे काम नातीने आपण होऊन घेतले. भोवरा दाखवावयाचा असला, की ती बाहुलीचा दाखवी आणि मग रुमाल सोडून स्वतःचाही. आजीनेही एकदा बाहुलीच्या केसांवरून हात फिरविला आणि त्याच हाताने नातीला तेल लावावयास बसविले.

केस महिन्यास सेंटिमीटरभर वाढतात. तेव्हा दिवाळीपर्यंत बाहुलीस पुन्हा नवे, थोडे लांब केस करावे लागतील; त्रैराशिक नातीने स्वतःच मांडून ठेवले आहे. शाळा सुरू झाली. रुमाल तिच्या दप्तरात असतो. तो केव्हा बांधावयाचा आणि केव्हा नाही, हे आता तीच ठरविते.