जुनी आपे घेताना



वांगी-कोथिंबीर मोहोळहून सोलापूरच्या मार्केट यार्डात न्यायला भाडं परवडंना, म्हणून उन्हाळ्यात जुनी तीनचाकी आपे बघितली. मिस्त्री सोबत नेला. थंड इंजिन चालू करून धूर बघितला, पुढचं चाक हलवून बघितलं, हौद्याचा पत्रा खालनं वाकून बघितला. गाडी चांगली. ९० हजाराला सौदा ठरला, २० हजार इसार देऊन आलो.

घरी पोरगं म्हणालं, "आण्णा, आरसी बघितली का?" फोटो मागवला, तर त्यावर फायनान्सचं नाव तसंच! जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा बघितल्याशिवाय मी रुपया काढत नाही, अन् इथं इंजिनच्या आवाजावर भुललो.

रात्रभर झोप नाही. सकाळी मालकाकडं गेलो. तोबी शेतकरीच, शेवटचे हप्ते थकलेले. मान खाली घालून बसला. भांडावं कुणाशी? मग उरलेल्या पैशातनं दोघांनी जाऊन आधी कर्ज भरलं, एनओसी अन् फॉर्म ३५ घेतला. राहिलेली रक्कम त्याला दिली, २९ अन् ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या, मगच गाडी दारात आणली.

अजून दोन गोष्टी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. अन् मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर फिटनेस दरवर्षी, तो खर्च सौद्यातच धरा.

आधी कागद, मग इंजिन. मी उलटं केलं, थोडक्यात वाचलो.